शिट्टी बाईच्या हातात, मॅच पुरुषांची!

प्रश्न : टीव्हीवर पुरुषांच्या फुटबॉल मॅचला बाई रेफरी बघितली. तिथपर्यंत पोहोचतात कशा? आधी मोठी प्लेअर असावं लागतं का?

उत्तर : नाही हो, मोठी प्लेअर वगैरे काही लागत नाही. फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापारचंच बघा ना, शाळकरी वयातच शिट्टी हातात घेतली, मग खालच्या लीग, २०१४ मध्ये फ्रान्समधली पुरुषांची दुसऱ्या दर्जाची लीग टू, २०१९ मध्ये सगळ्यात वरची लीग वन, त्याच वर्षी महिला वर्ल्डकपची फायनल आणि वर पुरुषांचा युरोपियन सुपर कप, लिव्हरपूल-चेल्सी, तो पण! नंतर १ डिसेंबर २०२२ ला कतारमध्ये कोस्टारिका-जर्मनी, पुरुषांच्या वर्ल्डकपमध्ये पहिल्यांदाच मेन रेफरी बाई, आणि लाईनवर पण दोघी बायकाच, ब्राझीलची न्यूझा बॅक आणि मेक्सिकोची कारेन दियास.

पण हे सगळं दिसायला झटपट वाटतं, फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, आंतरराष्ट्रीय रेफरींच्या लिस्टवर ती २००९ पासून होती म्हणजे त्या मॅचपर्यंत तेरा वर्षं झाली की! त्या लिस्टसाठी तुमच्या देशाच्या फेडरेशननं नाव पाठवावं लागतं आणि बॅज एकाच वर्षाचा, पुढच्या वर्षी पुन्हा फिटनेस टेस्ट. खरी गाळणी तीच, माझ्या मते. चाळीस मीटरचे सहा स्प्रिंट, आणि पुरुषांच्या टॉप मॅच हव्या असतील तर टायमिंगही पुरुषांचंच, प्रत्येक स्प्रिंट सहा सेकंदात, बाई म्हणून सूट नाही. (मी बस पकडायला धावले तरी धापा टाकते, सोडा.) त्यामुळे आत्ता सुरू करायचं असेल तर लोकल रेफरी कोर्स करा आणि मुलांच्या मॅचपासून शिट्टी वाजवायला लागा.