रिमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, गाडीचं ॲव्हरेज वाढतं का?
अरे, नुसत्या ॲव्हरेजसाठी रिमॅप करणार असशील तर जरा थांब. टर्बो डिझेलला रिमॅपनंतर कमी आरपीएमलाच जास्त टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, मिळतो, म्हणजे कात्रज घाटात सारखा गिअर खाली टाकावा लागत नाही, ॲक्सिलरेटरही कमी दाबावा लागतो आणि काय ते डिझेल तिथेच वाचतं, पण तोच टॉर्क मजेसाठी वापरलास की ॲव्हरेज उलट पडतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तर फरक कळणारच नाही. आणि मीटरवर दिसणाऱ्या ॲव्हरेजच्या आकड्यावर विसंबू नको, रिमॅपनंतर तो चुकू शकतो, टाकी फुल टू फुल करून किलोमीटर भागिले लिटर असं 3-4 वेळा काढ, रिमॅपच्या आधीही काढून ठेव. वॉरंटी चालू असेल तर हातच लावू नको बाबा, क्लचवरही लोड वाढतो.