शेततळ्यातलं पाणी आणि डॅफ्नियाची साक्ष

प्रश्न : ताई, टोमॅटोच्या वावराच्या उताराला आमचं शेततळं आहे. गेल्या वर्षी फवारणीनंतर जोराचा पाऊस झाला आणि दोन दिवसांत रोहूची बोटुकली मरून वर आली. यंदा बीज सोडण्याआधी पाणी तपासून घेतलं. सामू, टीडीएस, कठीणपणा, सगळं मर्यादेत. मुलगा बी.एस्सी.ला आहे, तो म्हणतो डॅफ्निया सोडून बघू. एवढ्याशा किड्यावर विसंबावं का?
— एक बागायतदार, जुन्नर तालुका

उत्तर : दादा, मुलाचं ऐका. तपासणीत जे मागितलं तेवढंच अहवालात येतं, आणि तुमच्या अहवालात कीटकनाशकाचा रकानाच नाही. डॅफ्नियाला रकाने नसतात. पाण्यात जे काही मिसळलंय ते सगळं त्याच्या अंगावर येतं.

तो किडा नव्हे, झिंग्या-खेकड्यांच्या गोतावळ्यातला गोड्या पाण्यातला बारीक जीव. पण कीटकांचाही लांबचा नातलग, म्हणून किडींवरची पुष्कळ औषधं त्याला लगेच बाधतात. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक लिटरमागे 1 मायक्रोग्रॅमच्या आसपास असलं, तरी 48 तासांत निम्मे डॅफ्निया हालेनासे होतात. 1986 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली, विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं ऱ्हाईन नदीत गेली आणि ईल मासे ढिगांनी मेले. त्यानंतर त्या नदीकाठच्या तपासणी केंद्रांत वाहत्या पाण्यात डॅफ्निया ठेवून त्यांच्या पोहण्यावर पहारा ठेवू लागले.

सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत मी 21 वर्षं हेच काम केलं. घरी असं करा. मत्स्यालयाच्या दुकानात जिवंत डॅफ्निया मिळतात. अनेकदा ते मॉइना, म्हणजे डॅफ्नियाचे धाकटे भाऊबंद असतात, तेही चालतील. विहिरीच्या शिळ्या पाण्यात आठवडाभर रुळू द्या, थोडं शेवाळाचं हिरवं पाणी खायला घाला. नळाचं ताजं पाणी नको, क्लोरीननेच मरतील. पाठीवरच्या पिशवीत अंडी दिसतात त्या माद्या संध्याकाळी वेगळ्या काढा. सकाळी तळाशी पिल्लं दिसतील, एक मिलिमीटरसुद्धा नसतात. परीक्षेला हीच घ्यायची, 24 तासांच्या आतली.

चार पेल्यांत तळ्याचं पाणी, चार पेल्यांत विहिरीचं. प्रत्येकात पाच पिल्लं. रुंद तोंडाच्या ड्रॉपरने उचला आणि टोक पाण्यात बुडवूनच सोडा. वरून टाकली तर कवचाखाली हवा अडकते आणि पिल्लू तरंगत राहतं. नवखी असताना माझ्या अशा कित्येक चाचण्या वाया गेल्या. खायला काही घालू नका, उन्हात ठेवू नका. 24 आणि 48 तासांनी पेला हळूच हलवा. 15 सेकंदांत जे पोहत नाही ते 'निश्चल' धरायचं. पेला उजेडासमोर धरून भिंगातून बघा : अंग काचेसारखं असतं, हृदय फडफडताना दिसतं. हृदय चालू पण पोहणं बंद, अशी पिल्लंही निश्चलच मोजायची. विहिरीच्या पेल्यांत 20 पैकी 2 पेक्षा जास्त निश्चल झाली तर चाचणी रद्द, पुन्हा पहिल्यापासून.

आता जिथे लोक फसतात ते. तळ्याच्या पेल्यांत सगळी पिल्लं तरली म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक तुम्हीही मारत असालच. ते डॅफ्निया मॅग्ना या डॅफ्नियाच्या जातीला फारसं बाधतच नाही. लिटरमागे कितीतरी मिलिग्रॅम असलं तरी पोहत राहतो, आणि त्याच पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या मायक्रोग्रॅमनेच मरतात. शिवाय तळ्यात पहाटे प्राणवायू घटून मासे मरतात तेही पेल्यात दिसणार नाही. आणि या चाचणीवरून ते पाणी घरी पिऊ नका. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड यांची उत्तरं ती देत नाही.

पिल्लं निश्चल झाली तर बीज सोडू नका. फवारणीच्या डब्यांवरची नावं लिहून घ्या आणि त्याच नावांची अवशेष तपासणी प्रयोगशाळेकडे मागा. तरली, तर आधी दहा-पंधरा बोटुकली हाप्यात, म्हणजे तळ्यात लावलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून आठवडाभर बघा. आणि फवारणीनंतरच्या पहिल्या पावसाचं पाणी तळ्यात शिरतं त्या तोंडाशी बाटली भरून घ्या; खरी परीक्षा त्याच पाण्याची घ्यायची आहे.