चिप बसवली म्हणजे झालं का?

प्रश्न: डॉक्टर, आमचा मोती देशी आहे, दोन वर्षांचा. फटाक्यांना इतका घाबरतो की मागच्या दिवाळीत गेट उघडं दिसल्याबरोबर पळाला, रात्री उशिरा मागच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला. आता मिस्टर म्हणतायत चिप बसवून घेऊ म्हणजे तो कुठे आहे ते मोबाईलवर दिसेल. खरंच दिसतं का? आणि दुखतं का हो खूप?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, मोबाईलवर नाही दिसत. हा गैरसमज खूप जणांचा आहे. मायक्रोचिप म्हणजे जीपीएस नाही, तिच्यात बॅटरीच नसते. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, साधारण १२ मिलिमीटर लांब, आणि आत फक्त १५ आकडी नंबर. स्कॅनर जवळ नेला की त्याच्याच लहरींवर ती जागी होते आणि नंबर दाखवते, बास. बॅटरी नाही म्हणून संपायचा प्रश्न नाही, एकदा बसवली की जन्मभर चालते.

ती दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली सुईने सोडतात. सुई लसीच्या सुईपेक्षा जाड असते त्यामुळे क्षणभर दुखतं, पण भूल लागत नाही. मोतीचं नसबंदीचं ऑपरेशन बाकी असेल तर त्याच वेळी बसवून घ्या, त्याला कळणारही नाही.

आता खरी गोष्ट. त्या नंबरात तुमचं नाव, पत्ता, फोन काही नसतं. नंबर कुठेतरी तुमच्या नावावर रजिस्टर असेल तरच शोधणाऱ्याला तुम्ही सापडणार. चिप बसते, स्टिकर लसीच्या पुस्तकात चिकटतं आणि रजिस्ट्रेशनचा फॉर्म तसाच ड्रॉवरमध्ये राहतो, हे बघून मला फार वाईट वाटतं कारण त्या कुत्र्याने सुई फुकटच सोसलेली असते. तेव्हा चिप कुठल्या डेटाबेसला नोंदवणार ते बसवायच्या आधीच विचारा आणि फोन नंबर बदलला की तिथेही बदला. बसवण्याआधी एकदा आणि बसवल्यावर एकदा स्कॅन करायला सांगा, नंबर स्टिकरशी स्वतः जुळवून बघा. दरवर्षी लसीला जाल तेव्हाही स्कॅन करून घ्या, कारण चिप कधीकधी सरकून खांद्यावर नाहीतर पुढच्या पायाकडे येते, म्हणून स्कॅनर नुसता मानेवर टेकवून चालत नाही, पाठीपासून दोन्ही पुढच्या पायांपर्यंत हळूहळू फिरवावा लागतो.

आणि गळ्यातला पट्टा काढू नका! रस्त्यात मोती ज्याला सापडेल त्याच्याकडे स्कॅनर नसणार, पण बिल्ल्यावरचा फोन नंबर कोणीही वाचेल.

प्रश्न: मुलगी जर्मनीत असते, आम्ही मांजर घेऊन तिच्याकडे कायमचं जायचं ठरवतोय. रेबीजची लस झालेली आहे, चिप नाहीये. आता बसवली तर चालेल ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: चिप चालेल, पण आधीची लस धरणार नाहीत. युरोपियन युनियनचा नियम असा की चिप आधी किंवा फार तर त्याच दिवशी, मग रेबीजची लस. लस नेमकी याच जनावराला दिली हे चिपच्या नंबरावरूनच सिद्ध होतं ना, म्हणून. आता चिप बसवून लस परत द्यावी लागेल. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त लॅबला अँटीबॉडी टेस्टसाठी (म्हणजे लस लागू पडली का ते बघायला) पाठवायचं, रिझल्ट दर मिलिलिटरला ०.५ आययू (हे मोजायचं एकक) किंवा जास्त हवा, आणि भारतातून जाताना रक्त घेतल्याच्या तारखेपासून ३ महिने थांबावं लागतं. म्हणजे चार महिने तर असेच गेले, वर निघायच्या आधी ॲनिमल क्वारंटाईन या सरकारी खात्याचं सर्टिफिकेट वेगळं, त्यामुळे तिकिटं आत्ताच काढू नका.

चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या आंतरराष्ट्रीय मानकांत बसणारी आहे ना हे विचारूनच घ्या. वेगळी चिप असेल तर ती वाचणारा स्कॅनर तुम्हालाच बरोबर न्यावा लागतो. आणि सगळ्या कागदांवर १५च्या १५ आकडे सारखे आहेत का ते लॅबचा रिपोर्ट हातात आल्या आल्या तपासा, एक आकडा जरी चुकला तरी एअरपोर्टवर मांजर अडकतं.