एजंटाची किल्ली बदलता येते का, हे आधी पाहा

तुमचे काही स्वायत्त एजंट, म्हणजे स्वतःहून व्यवहार करणारे प्रोग्राम, दुसऱ्यांच्या एजंटांकडून माहिती आणि गणनक्षमता विकत घेतात, स्टेबलकॉइनमध्ये (डॉलरसारख्या चलनाशी मूल्य बांधलेल्या डिजिटल नाण्यांत) पैसे चुकते करतात, आणि प्रत्येकाची ओळख म्हणजे इथेरियम या ब्लॉकचेनवरील एका साध्या खात्याचा पत्ता आहे. क्वांटम संगणकाच्या धास्तीने आत्ताच कोणती नवी स्वाक्षरीपद्धत घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे; आणि जाता जाता लिहिले आहे की तुमच्या नोंदणीसेवेने ‘नवी किल्ली म्हणजे नवा एजंट’ असे कळवले (किल्ली म्हणजे ज्याने स्वाक्षरी होते तो गुप्त आकडा). माझ्या मते तुमची खरी अडचण त्या शेवटच्या वाक्यात आहे. आम्ही नेमके तिथेच अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. मी क्रिप्टोग्राफीचा संशोधक नाही, अशा यंत्रणा चालवणारा माणूस आहे. तेव्हा पैशांबाबतचा निर्णय कोणा जाणकाराला विचारूनच घ्यावा. शोरचा अल्गोरिदम (क्वांटम संगणकावर सार्वजनिक किल्लीवरून गुप्त किल्ली काढण्याची रीत) आणि तुम्ही आज वापरता त्या लंबवर्तुळी वक्रावरच्या स्वाक्षऱ्या त्यापुढे का टिकत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरतो.

आमच्याकडे तेव्हा क्वांटमचा विषयही नव्हता. किल्ल्या सांभाळणारे एक सहकारी काम सोडून गेले आणि शिरस्त्याप्रमाणे त्यांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या किल्ल्या बदलायचे ठरले. सर्व्हर आणि डेटाबेस यांचे काम विनासायास झाले. खरेदी करणाऱ्या एजंटाची किल्ली मात्र बदलेना. ज्या सेवेत त्याचे नाव, जुने व्यवहार आणि इतरांचे अभिप्राय साठवले होते, तिथे त्याचा पत्ता हाच त्याचा नोंदणी क्रमांक होता. आणि साध्या खात्याचा पत्ता म्हणजे सार्वजनिक किल्लीच्या (गुप्त किल्लीच्या उघड जोडीदाराच्या) केचॅक-२५६ हॅशचे, म्हणजे उलट काढता न येणाऱ्या ठशाचे, शेवटचे २० बाइट, त्यामुळे किल्ली बदलली की पत्ता बदलणारच. आम्ही लेखी कळवले की जुनी किल्ली नव्या किल्लीच्या नावे स्वाक्षरी करून देईल, नवी किल्ली ते स्वीकारल्याची उलट स्वाक्षरी देईल, तुम्ही फक्त दोन्ही नोंदी एकमेकींना जोडा. उत्तर आले की नवा एजंट नोंदवा आणि जुना निष्क्रिय करा. पुन्हा समजावून लिहिले, तेव्हा तेच उत्तर चिकटवून तक्रार ‘निवारण झाले’ असा शेरा मारून बंद करण्यात आली. आपले म्हणणे कोणी वाचले तरी का, हे कळायलाही मार्ग नव्हता.

खरा ताप त्यानंतर सुरू झाला. निष्क्रिय केलेल्या नोंदीपुढे संकेतस्थळावर करड्या रंगात तसा शब्द उमटला, परंतु एपीआयच्या, म्हणजे प्रोग्रामांनी माहिती मागायच्या मार्गाच्या, उत्तरात ती माहिती देणारा रकानाच नव्हता. माणसाला जे दिसत होते ते यंत्राला दिसत नव्हते, आणि आमच्याशी व्यवहार करणारी सगळी यंत्रेच! दुसऱ्यांचे एजंट परताव्याच्या रकमा जुन्याच पत्त्यावर पाठवत राहिले, म्हणजे जी किल्ली आम्हाला नकोशी झाली होती तिच्यावरच पहारा ठेवत बसावे लागले. इकडे नव्या नोंदीकडे सगळे परक्यासारखे पाहू लागले. आगाऊ पैसे, छोट्या मर्यादा, प्रत्येक व्यवहाराला वेगळी पडताळणी. जमवलेली पत एका रकान्यापायी गेली, आणि त्याची भरपाई कोणाकडे मागणार?

क्वांटमच्या बाबतीत हीच अडचण कितीतरी बिकट होते, कारण ज्या दिवशी जुन्या किल्लीची स्वाक्षरी बनावट करता येईल, त्या दिवसापासून तिने दिलेले कोणतेही हस्तांतरपत्र कुचकामी ठरेल. हल्लेखोरही तसेच पत्र स्वतःच्या नावे करून दाखवेल. म्हणून हस्तांतर आधी व्हायला हवे आणि ते कधी झाले याची नोंद ब्लॉकचेनवर असायला हवी. यातला स्वस्त आणि चांगला उपाय असा की पुढच्या सार्वजनिक किल्लीचा फक्त हॅश आजच जाहीर करून ठेवावा. केरी या ओळखव्यवस्थेत हीच कल्पना वापरली आहे. ग्रोव्हरच्या अल्गोरिदमने (क्वांटम संगणकावरील शोधाच्या रीतीने) हॅश शोधण्याचे कष्ट वर्गमुळाइतके उतरतात, त्यामुळे २५६ बिटांच्या हॅशला त्यापासून व्यवहारात भय नाही. पुढे किल्ली उघड केली की ती आधीच्या हॅशशी जुळते की नाही हे कोणालाही तपासता येते, आणि जुनी किल्ली चोरणाऱ्याला ही जुळणी साधत नाही.

हे करायचे तर ओळख आणि किल्ली वेगळ्या असल्या पाहिजेत. एजंटाची ओळख साध्या खात्याऐवजी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट खात्याला, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रामने चालणाऱ्या खात्याला, द्यावी. ईआरसी-४३३७ या इथेरियमवरील मानकाच्या पद्धतीच्या खात्यात स्वाक्षरी कशी तपासायची हे खातेच ठरवते, त्यामुळे पत्ता तोच ठेवून आतली पद्धत बदलता येते. मे २०२५ मधील इथेरियमच्या पेक्ट्रा सुधारणेसोबत आलेल्या ईआयपी-७७०२ मुळे साध्या खात्यालाही हे सगळे मिळाले, असा समज अनेकांचा आहे. तो चुकीचा आहे. तिथे मूळ किल्लीची सत्ता पूर्वीइतकीच शाबूत राहते, आणि ती मोडली की खाते गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये मांडलेल्या ईआरसी-८००४ या प्रस्तावात एजंटाची ओळख हे एक टोकन (ब्लॉकचेनवरील मालकीची नोंद) असते, तर पत आणि पडताळणी यांची नोंद वेगळ्या ठिकाणी होते. ही दिशा मला पटते. मात्र ते टोकन साध्या खात्यात ठेवले तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शिवाय टोकन हस्तांतरित करता येते म्हणजे चांगले नावही विकता येते, हे समोरच्या एजंटावर भरवसा ठेवताना ध्यानात असू द्या.

विश्वासाबद्दल एक गोष्ट स्पष्टच सांगतो. स्वाक्षरी कितीही भक्कम असली तरी ती कोणत्या किल्लीने झाली एवढेच सांगते. एजंटाने वाचलेल्या एखाद्या मजकुरात दडवलेल्या सूचनेने त्याची मती फिरवली असेल, तर चुकीचा व्यवहारही अगदी अस्सल स्वाक्षरीने होतो. एकाच माणसाने शेकडो एजंट उभे करून एकमेकांना अभिप्राय द्यायचे, हाही धोका तसाच राहतो. यावर उत्तर म्हणजे एजंटाच्या हाती फक्त मुदतीची, ठरावीक रकमेची आणि ठरावीक पत्त्यांपुरती किल्ली द्यावी, आणि मालकीची किल्ली दुसरीकडे ठेवावी.

आता स्वाक्षरीपद्धत. निस्टने (अमेरिकेच्या मानकसंस्थेने) १३ ऑगस्ट २०२४ रोजी एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए ही क्वांटमपुढे टिकणाऱ्या स्वाक्षरीची दोन मानके प्रसिद्ध केली. एमएल-डीएसएच्या सर्वांत लहान प्रकारातही स्वाक्षरी २,४२० बाइटची असते, एसएलएच-डीएसएच्या आटोपशीर प्रकारात ७,८५६ बाइटची. आज तुम्ही वापरता ती ६५ बाइटांत मावते. फाल्कन-५१२ या आणखी एका पद्धतीची ६६६ बाइटची स्वाक्षरी मोहात पाडते, पण तिची अंमलबजावणी नाजूक आहे आणि घरगुती कोडवर मी ती सोपवणार नाही. मी दोन्ही स्वाक्षऱ्या, जुनी आणि नवी, सक्तीच्या करीन. २०२२ मध्ये रेनबो आणि साइक हे निस्टच्या निवडप्रक्रियेत बऱ्याच पुढे गेलेले दोन उमेदवार साध्या संगणकांवर मोडले गेले, हे पाहता एकट्या नव्या पद्धतीवर विसंबणे मला धाडसाचे वाटते.

हॅशवर आधारलेल्या एकदाच वापरायच्या किल्ल्यांचा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिलेला दिसतो. ठेवीसाठी ठीक, एजंटासाठी नको. एजंट एका स्नॅपशॉटवरून (जपून ठेवलेल्या स्थितीच्या प्रतीवरून) दोन ठिकाणी सुरू झाला, तर दोन्ही प्रती ‘पुढची न वापरलेली किल्ली’ म्हणून तीच किल्ली उचलतात आणि दोन वेगवेगळ्या संदेशांवर स्वाक्षरी करतात. त्या दोन स्वाक्षऱ्या जुळवून तिसरी बनावट करणे शक्य होते. बॅकअपमधून पूर्ववत केलेल्या एजंटाचेही तेच. तुम्ही एजंटांच्या प्रती वाढवता, असे लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

ठेवीची रक्कम, ज्यातून कधीही काही खर्च झालेले नाही आणि ज्यातून कधी संदेशावरही स्वाक्षरी दिलेली नाही, अशा पत्त्यावर हलवावी. तिथे जगाला फक्त हॅश दिसतो. एजंटाला या आडोशाचा उपयोग नाही, कारण तो दिवसभर स्वाक्षऱ्या करतो आणि त्याची सार्वजनिक किल्ली केव्हाच उघडी पडलेली असते. ‘आज साठवा, उद्या उलगडा’ (आज पकडलेला सांकेतिक मजकूर क्वांटम संगणक आल्यावर वाचला जाईल) हा इशारा एजंटांमधल्या सांकेतिक संभाषणाला लागू पडतो. त्याची आणि स्वाक्षरीची गल्लत करून ‘क्वांटम-सुरक्षित’ वॉलेट विकणाऱ्यांपासून चार हात दूर राहा.

घाई किती करावी? क्रेग गिडनी यांनी २०४८ बिटांची आरएसए ही प्रचलित संकेतपद्धत मोडायला लागणाऱ्या क्यूबिटांचा (क्वांटम संगणकाच्या मूळ घटकांचा) २०१९ मध्ये सहकाऱ्यासोबत दोन कोटींचा अंदाज दिला होता, आणि २०२५ मध्ये तो दहा लाखांच्या आत आणला. असे यंत्र आज कोठेही नाही. तरीही मी पहिले पत्र नोंदणीसेवेलाच लिहीन आणि तीनच गोष्टी विचारीन: किल्ली बदलल्यावर नोंदणी क्रमांक टिकतो का, निष्क्रिय नोंद एपीआयमध्ये दिसते का, आणि पुढच्या किल्लीचा हॅश साठवता येतो का. पहिल्याच प्रश्नाला नकार आला तर दुसरी सेवा शोधा, अल्गोरिदमची चर्चा नंतर करा.

आणखी एक. इथेरियमचे सहसंस्थापक विटालिक बुटेरिन यांनी मार्च २०२४ मध्ये क्वांटम हल्ल्याच्या आणीबाणीसाठी जी योजना मांडली, तिच्यात मालकाने आपली किल्ली बीजशब्दांपासून (वॉलेट बनवताना मिळणाऱ्या शब्दांच्या यादीपासून) हॅशद्वारे तयार झाली आहे हे शून्य-ज्ञान पुराव्याने, म्हणजे ते शब्द उघड न करता, दाखवायचे असते. एजंटाची किल्ली नुसत्या यादृच्छिक आकड्यापासून बनवली असेल, तर ही वाट बंद. तेव्हा नव्या किल्ल्या बीजशब्दांपासूनच तयार करा, आणि रक्कम हलवून झाली तरी जुने बीजशब्द टाकून देऊ नका.