ट्रॉली जागेवर नेऊन लावायची का? हो, आणि का ते सांगते

ताई, तुम्ही विचारलंय की किराणा गाडीत भरून झाल्यावर रिकामी ट्रॉली परत नेऊन लावणं हे गिऱ्हाइकाचं काम आहे का. तुमचे मिस्टर म्हणतात, "त्यासाठी पोरं ठेवलीत की, पगार घेतात ती." मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि महिन्याचा बाजार अशाच एका मोठ्या दुकानातून आणते. माझ्या मते ते काम आपलंच आहे, निदान ट्रॉल्यांची रांग असते तिथपर्यंत. तिथून पुढचं त्या पोरांचं.

मी हे ठामपणे म्हणते, कारण आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा बारावीनंतर दोन वर्षं अशाच कामावर होता. तो सांगायचा, काकी, रांगेत लावलेल्या ट्रॉल्या दारापर्यंत न्यायला काहीच वाटत नाही. एकात एक घुसवायच्या, मागून रेटा द्यायचा, की पंधरा-वीस एका दमात जातात. जीव जातो तो विखुरलेल्या गोळा करताना. एक जनरेटरमागं, एक गेटबाहेर रिक्षांपाशी, एकीचं पुढचं चाक गटारीच्या जाळीत अडकलेलं. मे महिन्यात दुपारी दांडा एवढा तापतो की हाताला फडकं गुंडाळावं लागतं. आणि चाकं! तांदळाच्या पोत्याची सुतळी आणि बायकांचे केस आसाला असे गुंडाळले जातात की चाक फिरतच नाही. तो खिशात ब्लेडचा तुकडा ठेवायचा. मी एकदा पाहिलं, ट्रॉली आडवी पाडून, उकिडवा बसून एक एक फेर कापत होता आणि मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

आता माझ्यासमोर घडलेलं सांगते. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये पाऊस आणि वारा दोन्ही होतं. दुकानाच्या पार्किंगला थोडा उतार आहे. कुणीतरी ट्रॉली कडेला तशीच सोडून गेलं होतं. ती हळूच सुटली, मग वेग धरला. खाली एक बाई लहान मुलाला स्कूटरवर पुढं उभं करत होती. ट्रॉली मागच्या चाकाला लागली, बाईनं हँडल सोडून पोराला उचललं आणि स्कूटर आडवी झाली. पोराला काही झालं नाही, पण कणकेची पिशवी फुटली आणि सगळं पीठ पावसाच्या पाण्यातून वाहून गेलं. ट्रॉली सोडणारा माणूस तोवर घरी पोचला असेल. बोलणी कुणाला बसली? पार्किंगच्या पोराला. मॅनेजरनं सगळ्यांदेखत झापलं त्याला. ती ट्रॉली माझी नव्हती, पण आदल्याच आठवड्यात मीही एक तशीच कडेला लावून आले होते. त्या दिवसापासून सोडत नाही.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. गावात लग्नकार्य असलं की देवळातली भांडी आणायची पद्धत होती. पातेली, घमेली, ओगराळी, सगळं वहीत मोजून घ्यायचं. मांडव उतरला, पाहुणे गेले, तरी भांडी राखेनं घासून, मोजून, झाकणाला झाकण लावून परत गेल्याशिवाय वडील कार्य संपलं असं धरत नसत. देवळात भांडी लावून ठेवायला गुरव होते, पण म्हणून कुणी खरकटं पातेलं पायरीवर टाकून आलं नाही. ट्रॉली मला तशीच वाटते. दुसऱ्याची वस्तू आपण आपल्या सोयीसाठी बाहेर आणलेली असते.

"फुकटचं काम आपण का करायचं?" असंही कुणी म्हणतं. त्याचा विचार मी केलाय. पूर्वी गणपती पेठेत यादी दिली की दुकानदार पुडे बांधून द्यायचा, परत ठेवायला आपल्या हातात काही नसायचं. आजही तशी दुकानं आहेत, तिथं जावं. मालावर हात ठेवून, तारीख वाचून, स्वतः निवडायची पद्धत 1916 साली अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये पिगली विगली नावाच्या दुकानानं रूढ केली. ती आली तसं वजन उचलणंही गिऱ्हाइकाकडं आलं. हातातली टोपली भरली की लोक खरेदी थांबवतात हे ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या लक्षात आलं आणि 1937 मध्ये त्यांनी घडीच्या खुर्चीवरून सुचलेली चाकांची गाडी आणली. सुरुवातीला कुणी हात लावेना. बायकांना ती बाबागाडीसारखी वाटायची, पुरुषांना त्यात कमीपणा वाटायचा. शेवटी त्यांनी पगारी माणसं ट्रॉली ढकलत दुकानभर फिरवली, तेव्हा लोकांना सवय लागली.

एकात एक बसणारी ट्रॉली त्यानंतरची, 1946 ची, कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसन यांची. मागची जाळी वर उचलली जाते आणि मागून येणारी ट्रॉली आत शिरते, एवढीच युक्ती. म्हणूनच परत लावताना आतली बिलं, फाटक्या पिशव्या, हातातली बास्केट काढा. बास्केट आत राहिली तर मागची ट्रॉली आत जात नाही आणि सगळी रांग पार्किंगमध्ये लांबत जाते.

जर्मनीत ट्रॉली सोडवायला साखळीच्या कुलपात 1 युरोचं नाणं घालतात, अमेरिकेत आल्डीच्या दुकानांत 25 सेंटचं. ट्रॉली परत लावली की नाणं बाहेर येतं. सोय चांगली आहे. पण आपल्याकडं तशी यावी असं मला वाटत नाही. पैसे भरले की ज्याला ते परवडतात तो म्हणणार, राहू दे नाणं, आणि ट्रॉली सोडून मोकळा होणार.

2020 मध्ये इंटरनेटवर एक विचार फार फिरला होता. ट्रॉली ठेवली तर बक्षीस नाही, न ठेवली तर शिक्षा नाही, म्हणून ती परत ठेवतो का यावरून माणसाची पारख होते, असं त्यात म्हटलं होतं. मला हे पटत नाही. उन्हात गाडीत झोपलेलं बाळ सोडून कुठल्याही आईनं ट्रॉली लावायला जाऊ नये. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकांनीही नाही. अशा वेळी आत जाणाऱ्या कुणाला तरी हाक मारायची, "ट्रॉली घेता का?" लोक आनंदानं घेतात. सांगलीत तरी मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. कुणीच नसलं तर निदान उतारावर, रॅम्पवर किंवा व्हीलचेअरच्या वाटेत सोडू नका. पोराला हाक मारून त्याच्या हातात द्या.

आणि आपण ट्रॉली लावली म्हणून त्या पोराची नोकरी जात नाही. शेजारच्या मुलाला मी मुद्दाम विचारलं होतं. म्हणाला, काकी, ट्रॉल्या जागेवर असल्या की मला म्हाताऱ्या माणसांची पोती उचलायला वेळ मिळतो.

मिस्टरांशी यावरून वाद घालू नका. गाडी लावतानाच दुकानाच्या दाराजवळची जागा शोधण्याऐवजी ट्रॉल्यांच्या रांगेजवळची शोधायला सांगा. मग परतीची वीस पावलंही होत नाहीत. आमच्याकडं हे डिकीत सामान रचेपर्यंत मी ट्रॉली लावून येते. पाऊस असला की उलट, मी सामान बघते आणि हे छत्री घेऊन जातात.