किनाऱ्यावरून करडे देवमासे

प्रश्न : मी नाशिकला गंगापूर रोडवर राहतो. येत्या जानेवारीत आम्ही उभयता मुलीकडे सॅन दिएगोला जाणार आहोत. त्या दिवसांत तेथून करडे देवमासे जातात असे तिने कळवले आहे, परंतु माझ्या पत्नीला बोट लागते. हे देवमासे किनाऱ्यावरून खरोखर दिसतात का, आणि नांदूरमध्यमेश्वरला पक्षी पाहण्यासाठी वापरतो ती ८ बाय ४२ ची दुर्बीण पुरेल का?

उत्तर : निश्चित दिसतात, आणि महिनाही आपल्याला उत्तम मिळाला आहे. बेरिंग आणि चुकची समुद्रांत उन्हाळाभर तळाचा गाळ उपसून त्यातील बारीक जीव खाल्ल्यानंतर हे देवमासे मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या उथळ खाड्यांकडे निघतात. जाऊन-येऊन १६,००० ते २०,००० किलोमीटरांच्या या प्रवासात ते फारसे काही खात नाहीत, आणि बराचसा मार्ग किनाऱ्यालगत असल्यामुळेच जमिनीवरच्या माणसाला ते दिसू शकतात. सॅन दिएगोपाशी दक्षिणेकडे जाणाऱ्यांची संख्या जानेवारीच्या मध्याला सर्वाधिक असते.

आपण पॉइंट लोमा या उंच भूशिरावरील कॅब्रियो राष्ट्रीय स्मारकात जावे. देवमासे पाहण्यासाठी हे ठिकाण १९५० मध्येच लोकांना खुले झाले. त्याच शहरात पैसे घेऊन बोटीने देवमासे दाखवणे १९५५ मध्ये सुरू झाले. शक्यतो सकाळी जावे, कारण तेव्हा सूर्य पाठीशी असतो आणि वारा कमी असल्याने लाटांचा पांढरा फेस डोळ्यांना फसवत नाही.

दुर्बीण पुरेशी आहे, मात्र ती सुरुवातीलाच डोळ्यांना लावू नये. आधी उघड्या डोळ्यांनी क्षितिजाखालचा पट्टा सावकाश न्याहाळावा आणि फवारा दिसल्यावरच दुर्बीण उचलावी. हा फवारा तीन-चार मीटर उंच असतो आणि समोरून किंवा मागून पाहिल्यास पत्त्यांतील बदामासारखा दिसतो. करड्या देवमाशाच्या पाठीवर उंच पर नसतो. तेथे एक बुटका उंचवटा आणि त्यामागे शेपटीपर्यंत गाठींची रांग असते. नवख्यांची नजर चुकते ती यापुढे. तो सहसा १५ ते ३० सेकंदांच्या अंतराने तीन ते पाच वेळा श्वास सोडतो, मग शेपटी वर उचलून तीन ते पाच मिनिटे बुडी मारतो, आणि तेवढ्या वेळात ताशी सात-आठ किलोमीटर वेगाने तो चारपाचशे मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून पुढचा फवारा त्याच जागी न शोधता दक्षिणेला, म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभे राहिल्यास डाव्या हाताला शोधावा.

बोटीत बसता येत नाही ही उणीव मुळीच मानू नये. २०१९ ते २०२३ या काळात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हे देवमासे मोठ्या संख्येने मृत सापडले, आणि आर्क्टिकमधील अन्नाची टंचाई हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. जवळजवळ उपाशीपोटी एवढी वाट चालणाऱ्या प्राण्याला इंजिनाच्या आवाजाचा त्रास न देता पाहावे, असे आम्हांला मनापासून वाटते.

मुक्काम एप्रिलपर्यंत लांबला, तर पिल्लांसह उत्तरेकडे परतणाऱ्या माद्या किनाऱ्याच्या आणखी जवळून जाताना दिसतील. त्यासाठी लॉस एंजेलिसजवळचे पॉइंट व्हिसेंटे हे भूशीर चांगले आहे. तेथे डिसेंबर ते मे या काळात स्वयंसेवक देवमाशांची मोजणी करतात. त्यांच्याजवळ उभे राहावे आणि फवारा कोठे दिसतो आहे हे निःसंकोच विचारावे.