चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन जर्मनीला निघालेल्या पाचोऱ्याच्या भावाला

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कंपनी येत्या उन्हाळ्यात तुम्हाला स्टुटगार्टला पाठवतेय, व्हिसा, घर, विमा सगळं तेच बघणार. मुलगा 14 वर्षांचा, नववीत जाणार. तुम्ही विचारलंय, "ताई, त्याला आत्ताच सोबत न्यावं, की आजी-आजोबांजवळ ठेवून दहावी झाल्यावर आणावं? अभ्यासाचं नुकसान कशात कमी होईल?"

आधी उत्तर देते, मग कारण. सोबत आणा. पण अभ्यासाचा हिशेब करून ठरवू नका. या वयात मुलाचं नुकसान होतं ते गुणांच्या बाहेर होतं आणि घरात ते सगळ्यात शेवटी कळतं. मला कळायला दीड वर्ष लागलं.

आम्ही 2016 च्या ऑगस्टमध्ये जळगावहून इथे जर्मनीत आलो. मुलगी 13 वर्षांची होती. आठवीचे दोन महिने झाले होते, नव्या वह्यांना कव्हरं घालून झाली होती. तिला आम्ही निघायच्या तीन आठवडे आधी सांगितलं. उगाच आधीपासून डोक्यात नको, असा विचार केला. शाळेतल्या मैत्रिणींचा निरोप घ्यायला तिला एक शनिवार मिळाला, तोही अर्ध्या दिवसाच्या शाळेचा. ही माझी पहिली चूक, आणि आजही ती मला बोचते. आम्ही नवरा-बायको वर्षभर या निर्णयाशी बोलत होतो, भांडत होतो, त्याची सवय करून घेत होतो. तिला सवयीसाठी आम्ही तीन आठवडे दिले.

इथली शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते. जर्मन न येणाऱ्या मुलांना आधी 'फॉरबेराइटुंग्सक्लास'मध्ये घालतात, म्हणजे तयारीचा वर्ग. त्यात भाषा शिकवतात आणि हळूहळू एकेका विषयाला नेहमीच्या वर्गात बसवतात. सरकारी शाळेला फी नाही. पण शाळेत जाणं सक्तीचं आहे. घरी बसवून भारतातल्या बोर्डाचा अभ्यास ऑनलाइन करून घेऊ, असं कोणी सुचवलं तर ते इथे चालत नाही, हे ध्यानात ठेवा.

पहिल्या दिवशी हजेरीला बाईंना तिचं नाव घेता येईना. नावातलं पहिलंच अक्षर 'ज्ञ'. बाईंनी प्रामाणिकपणे तीन वेळा प्रयत्न केला. वर्ग हसला, वाईट हेतूने नाही, पण हसला. दुसऱ्या आठवड्यात मी तिच्या दप्तरातली वही पाहिली. तिने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर काढून टाकलं होतं आणि उरलेल्याचं एक छोटं, कुठल्याही देशात खपेल असं नाव केलं होतं. सगळ्या वह्यांवर तेच, एकसारख्या निळ्या अक्षरांत. मी म्हटलं, बरं झालं, पोरगी जुळवून घेतेय. तिच्या बाबांनाही कौतुकाने सांगितलं.

जळगावात ती 'हुशार मुलगी' होती. बाई प्रश्न विचारत आणि उत्तरासाठी तिच्याकडे बघत. शेजारच्या काकू आपल्या मुलांना तिचं उदाहरण देत. इथे ती वर्गात गप्प बसणारी मुलगी झाली. गणितात चालायचं, पण इतिहासाच्या पहिल्या पेपरात 5 मिळाले. इथे 1 म्हणजे सर्वोत्तम आणि 6 म्हणजे सर्वात वाईट. मी 'भाषेमुळे आहे, येईल' म्हणून तिला धीर दिला, आणि तो खराही होता. पण तिचं दुःख गुणांचं नव्हतं. 'मी हुशार आहे' हे तिच्याबद्दल तिला ठाऊक असलेलं सगळ्यात पक्कं वाक्य होतं, आणि तेच खोटं पडलं होतं. दुसरं कुठलं वाक्य अजून तयार झालं नव्हतं.

पुढे याबद्दल वाचलं तेव्हा एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाचा परिचय झाला. किशोरवयाचं मुख्य काम 'मी कोण' हे शोधणं, असं त्यांनी मांडलं, आणि 'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्दही त्यांचाच. जन्म 1902 चा, फ्रँकफुर्टचा, आणि लहानपण आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या कार्ल्सरूहमध्ये गेलेलं. उंच, गोरा, निळ्या डोळ्यांचा मुलगा. ज्यू प्रार्थनामंदिरात मुलं त्याला परका म्हणून चिडवत आणि शाळेत ज्यू म्हणून. खरा बाप कोण हे त्यांना आयुष्यभर कळलं नाही. 1933 मध्ये ते अमेरिकेला गेले आणि तिथे आडनावही नवं घेतलं. हे वाचताना मला पुन्हा त्या निळ्या अक्षरांतल्या वह्या दिसल्या. आपण कोण हे मुलाला एकट्याने बसून सापडत नाही. आजूबाजूची माणसं त्याला जशी हाक मारतात, त्याच्याकडून जी अपेक्षा ठेवतात, त्यातूनच ते घडतं. आपण देश बदलतो तेव्हा ही सगळी माणसं एका दिवसात गायब होतात, तीही नेमकी त्या वयात, जेव्हा मुलाला त्यांची सर्वात जास्त गरज असते. तुम्हाला-मला तसं होत नाही. आपण कोण ते आपलं ठरलेलं असतं.

फोन आहे, व्हॉट्सॲप आहे, मग मित्र कुठे जातात, असं वाटेल तुम्हाला. मलाही वाटलं होतं. पण घड्याळ बघा. भारत उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे. ही शाळेतून दुपारी दोनला यायची तेव्हा जळगावात संध्याकाळचे साडेसहा, मैत्रिणी क्लासला. इथे रात्री आठ वाजता निवांत व्हायची तेव्हा तिकडे साडेबारा, सगळ्या झोपलेल्या. सकाळी उठून ती ग्रुपवर शंभर-दीडशे मेसेज वाचायची. सगळे विनोद होऊन गेलेले. तिसऱ्या महिन्यात तिने ग्रुप म्यूट केला. भांडण कुणाशीच झालं नव्हतं.

मग सुरू झालं पोटदुखीचं. दर सोमवारी सकाळी. मी ओवा दिला, गरम पाणी दिलं, डॉक्टरांना दाखवलं. तपासण्यांत काही निघालं नाही, तेव्हा मी रागावले. "नाटकं करू नकोस, तुझ्यासाठीच आलोय ना आपण इथे!" भाऊ, हे वाक्य तुमच्या घरात कधी बोलू नका. आम्ही आलो होतो नवऱ्याच्या नोकरीसाठी आणि थोडं माझ्या हौसेसाठी. ते ओझं मी तिच्या डोक्यावर ठेवलं. त्यानंतर तिने पोट दुखतंय असं सांगणंच बंद केलं, आणि मी समजले की बरी झाली.

हे सगळं पहिल्यांदा लक्षात आलं ते शाळेतल्या समाजसेविकेच्या. बहुतेक शाळांत असं कोणीतरी असतं, 'शूलसोत्सिआलआर्बाइट' म्हणतात त्या कामाला. मुलगी मधल्या सुट्टीत रोज संडासात जाऊन डबा खाते, हे त्यांनी मला सांगितलं. डब्यात शेवभाजी-पोळी असायची. वासावरून कोणी काही बोललं होतं का, विचारलं. कोणी एक शब्द बोललं नव्हतं. कोणी बोलेल या भीतीनेच ती तिथे जात होती.

आता एक गोष्ट सांगते, ती या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाची वाटते.

मी पारोळा तालुक्यातल्या खेड्यातली. घरात अहिराणी, आपली खानदेशी बोली. कॉलेजला पुण्याला गेले तेव्हा माझ्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' निघालं की वसतिगृहातल्या मुली तो शब्द परत परत म्हणायच्या. तेव्हापासून मी अहिराणी जिभेआड ठेवली. मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत आजीजवळ वाढली, फाडफाड अहिराणी बोलायची. जळगावात शाळेत घातलं तसं मी तिला 'शुद्ध बोल' म्हणून टोकत राहिले. म्हणजे तिचं पहिलं स्थलांतर जर्मनीला झालंच नव्हतं. ते मी स्वतः, घरातल्या घरात, कधीच करून टाकलं होतं.

ती 14 ची झाली त्या वसंतात वर्गातल्या कितीतरी मुलामुलींची 'कोन्फिर्मात्सिओन' झाली. प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांमध्ये साधारण त्या वयात चर्चमध्ये हा विधी होतो. नवे कपडे, नातेवाईक, जेवणावळी. कायद्यानेही इथे 14 व्या वर्षापासून आपला धर्म कोणता हे मूल स्वतः ठरवतं. ज्याला त्याला आपापलं घर मिळतंय आणि आपण दाराबाहेर, असं तिला वाटत होतं, हे तिने नंतर सांगितलं. त्याच सुमारास आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आजीकडे गौराई बसलेली, अंगणात झोका बांधलेला, चुलतबहिणी गाणी म्हणत होत्या. आजीने व्हिडिओवर फोन फिरवून सगळं दाखवलं आणि सहज विचारलं, "काय करी ऱ्हायनी व माय?"

माझ्याशी कित्येक महिने 'ठीक आहे'च्या पुढे न बोललेली मुलगी फोनकडे बघत म्हणाली, "माले तठे येनं शे." मला तिकडे यायचंय. आणि रडायला लागली. मराठीत नाही, जर्मनमध्ये नाही. ज्या बोलीतून मी तिला उपटून काढलं होतं, तिच्यातच तिला हे सांगता आलं. आजी काही समजावत बसली नाही. "ये ना माय," एवढंच म्हणाली. मी स्वयंपाकघरात उभी होते. हातातली कणीक वाळली तरी आत गेले नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही तिला सहा आठवडे आजीकडे पाठवलं. परत आली ती बदलून वगैरे आली नाही. पण इथल्या थेरपिस्टकडे जायला तयार झाली. सरकारी आरोग्य विम्यात मुलांची मानसोपचार चिकित्सा बसते, पण नंबर लागायला महिने जातात. 116117 वर फोन केला की पहिल्या भेटीची वेळ मिळवायला मदत करतात. मुलांना नाव न सांगता, फुकट बोलता येईल असा नंबर 116111. हे दोन्ही फ्रिजवर लावून ठेवा. भारतात आहात तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, 10 ते 19 वयातल्या दर सातांपैकी एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो. हे वेड नाही, आणि घराण्याला बट्टाही नाही.

आता तुमच्या मुलाचं. मागे ठेवलंत तर तो दोन वर्षं आईबापाविना काढेल आणि 16 व्या वर्षी हेच सगळं नव्याने सुरू होईल, तेही वरच्या वर्गातल्या अवघड जर्मनसकट. शिवाय 16 पूर्ण झाल्यावर मागून येणाऱ्या मुलांना काही परवान्यांत भाषेची अट लागते. तुमच्या परवान्याला लागते का, ते वकिलातीत आत्ताच विचारून घ्या.

त्याला आजच सांगा. रागावू द्या. 'मला यायचं नाही' म्हणाला तर लगेच फायदे सांगत बसू नका, काय काय सुटणार ते त्याच्याच तोंडून ऐका. मित्रांसोबत पाटणादेवीला जायचं म्हणाला तर जाऊ द्या, तिथल्या परीक्षेचा एखादा पेपर बुडाला तरी चालेल. जर्मनचा क्लास लावा, पण क्रिकेट बंद करून नको. इथे गावोगावी खेळांचे क्लब असतात, त्यात पहिल्याच महिन्यात नाव घाला. भाषा न येताही मुलगा जिथे उपयोगी ठरतो अशी ती एक जागा आहे. माझ्या मुलीला तशी जागा तयारीच्या वर्गातल्या एका सीरियन मुलीत सापडली. दोघींचंही जर्मन मोडकं, त्यामुळे कोणालाच लाज नव्हती. आणि घरात तुम्ही जी बोली बोलता ती इथे आल्यावर 'शुद्ध' करू नका.

मुलगी आता 22 ची आहे, कार्ल्सरूहला शिकते. नाव पुन्हा पूर्ण लिहिते, 'ज्ञ'सकट. तुमचा प्रश्न तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, त्या मुलाला माझ्याशी बोलायचं असेल तर शनिवारी दुपारी मी मोकळी असते, म्हणजे त्याच्याकडे संध्याकाळ. पण आईबाबांनी बाजूला बसायचं नाही. आधी त्याला विचारा, आणि तो 'नको' म्हणाला तर जबरदस्ती करू नका.